शेरणीची जुडी

१

घड्याळनानांनी काढा पूर्ण प्यायला असता तर ते वाचले नसते. अर्धाच प्यायले म्हणून वाचले. आणि अर्धाच का दिला, या एका प्रश्नावरून त्यांची सून संशयात सापडली.

नानांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान खाली आणि घर वर. मुलगा जहाजावर असतो, वर्षातला बराच काळ पाण्यात. घरी नाना आणि सून, दोघंच. नानांना मूतखडा झाला होता. खडा लहान होता. रुग्णालयातले डॉक्टर म्हणाले, थोडं थांबून बघू. त्या थांबण्याच्या काळात नाना वैद्यबाईंकडे गेले. शेरणी म्हणजे नदीतल्या खडकांत वाढणारं एक झुडूप; तिच्या काढ्याने त्यांना आराम पडू लागला होता. कळा कमी झाल्या होत्या. अशात एका सकाळी काढा घेतला आणि तासाभरात उलट्या सुरू झाल्या. डोळ्यांपुढे सगळं पिवळं दिसायला लागलं, नाडी मंदावत गेली. सुनेने शेजाऱ्यांच्या गाडीत घालून त्यांना रुग्णालयात नेलं. जाताना उरलेला काढा आणि गाळणीतला चोथा एका डब्यात भरून बरोबर घेतला.

"हे कण्हेरीचं विष आहे," डॉक्टरांनी लक्षणं आणि हृदयाचा आलेख बघून सांगितलं. "वेळेत आणलंत. पूर्ण पेला गेला असता तर अवघड होतं."

नानांच्या मुलीने, म्हणजे सुनेच्या नणंदेने, एवढंच ऐकलं आणि वहिनीकडे वळून विचारलं, "रोज पूर्ण पेला देतेस ना? मग आजच अर्धा कसा?"

हे सगळं मला वैद्यबाईंनी सांगितलं. वैद्यबाई माझी शाळेपासूनची मैत्रीण. मी आयुष्यभर एका प्रयोगशाळेत औषधी वनस्पती तपासल्या. पानाचा कपटा दिला तर झाड सांगायचं, हे माझं काम. निवृत्त झाले तरी सूक्ष्मदर्शक घरी आणला आहे.

"तुझं भिंग घेऊन ये," ती फोनवर म्हणाली. "आणि माझ्यासाठी एक कर. पाला माझाच चुकीचा होता, असं निघायला हवं."

"अगं, काय बोलतेस? दवाखान्याला कुलूप लागेल."

"लागू दे. कधीतरी लावायचंच आहे. पण माझा पाला शुद्ध निघाला, तर विष त्या पोरीने घातलं असंच ठरणार ना? उद्या दुपारी नानांना सोडणार आहेत. लेक म्हणते, नानांना मी माझ्या घरी नेणार, भावाला कळवणार आणि हिच्याविरुद्ध तक्रार करणार."

सापाचा पत्ता नाही आणि भुई धोपटायला सगळे तयार, असं मला वाटलं. मी पिशवी उचलली आणि निघाले.

२

दवाखान्याला पुढून आधीच कुलूप होतं. मी मागून गेले. मागच्या पायरीपाशी सुकलेल्या फांद्यांचा ढीग पडला होता, तो ओलांडून आत शिरले.

आत वैद्यबाई एका खुर्चीत बसली होती आणि पार्सलमास्तर फरशी पुसत होते. कोणी येणार नव्हतं, तरी पुसत होते.

पार्सलमास्तर म्हणजे टपालखात्यातले निवृत्त गृहस्थ. नोकरीभर पार्सलं बांधली, म्हणून हे नाव. काही वर्षांपूर्वी त्यांनाही खडा झाला होता आणि तो शेरणीच्या काढ्याने पडला. त्या दिवसापासून ते रोज सकाळी दवाखान्यात येतात. झाडतात, बरण्या पुसतात, रोग्यांना औषध काढून देतात. मोबदला म्हणून पाण्याखेरीज काही घेत नाहीत.

"बाईंनी मला माणसात आणलं," ते मला प्रत्येक भेटीत सांगतात. "रात्र रात्र गुरासारखा ओरडायचो हो."

"खडा घालवायला औषध आहे," वैद्यबाई म्हणते. "मास्तरांना घालवायचं कसं, ते कुठल्याच ग्रंथात नाही."

आज ती हे म्हणाली नाही. तिने फळीवरची शेरणीची टोपली माझ्यापुढे ठेवली.

टोपलीत जुड्या होत्या. एका दिवसाची एक जुडी. शेरणीच्या मुळीचे तुकडे, त्यांभोवती पाल्याच्या बारीक काड्या आणि मधोमध शेरणीच्याच सालीचा बंद. वैद्यबाईच्या वडिलांपासूनची ही रीत. जुडी सोडायची नाही, तशीच पाण्यात टाकून उकळायची. पाला विस्कटत नाही, काढा गाळायला सोपा जातो.

"आणि परकी दोरी लावायची नाही," मास्तरांनी आदराने भर घातली. "सुतळी नाही, दोरा नाही. काढ्यात जायचं ते सगळं झाडाचंच. बाईंचा पहिला नियम."

"नानांच्या जुड्या यातल्याच?"

"याच खेपेच्या. त्यांची लेक येऊन घेऊन गेली. आधीच्या काही त्यांनी उकळून प्यायल्यासुद्धा. काही झालं नाही. आणि यातल्याच आणखी चौघांना दिल्यात, तेही ठणठणीत आहेत," वैद्यबाई म्हणाली. मग हळू आवाजात, "म्हणून तर मला भीती वाटते."

मी काही जुड्या घेतल्या. नानांच्या घरी उरलेल्या दोन जुड्या आणि तो चोथ्याचा डबा लेकीने रागाने इथेच आणून आदळला होता. 'तुमचं विष तुम्हीच तपासा' म्हणाली होती. तेही घेतलं. निघताना माझ्या पिशवीचा बंद तुटला.

"थांबा, ताई." मास्तरांनी खिशातून सुतळी काढली. दोन वळसे, एक फास आणि वर बोट अडकवायला छोटासा कान. "सुटं पार्सल हातात द्यायचं नसतं. वाटेत सांडलं तर पाठवणाऱ्याचा जीव हळहळतो."

३

घरी येऊन पिशवी खुंटीला टांगली आणि कामाला बसले.

शेरणी आणि कण्हेर यांची पानं लांबून सारखी दिसतात. दोन्ही लांबट, अरुंद, टोकदार. म्हणूनच माझा पहिला संशय सरळ होता. पाला आणणाऱ्या बाईच्या ओझ्यात कण्हेरीच्या काड्या मिसळल्या असणार. अशी चूक मी प्रयोगशाळेत पुष्कळदा पाहिली आहे. पण भिंगाखाली ही दोन झाडं कधीच एकमेकांसारखी दिसत नाहीत. शेरणीच्या पानाची पाठ बारीक गोल खवल्यांनी भरलेली असते, चांदीची पूड सांडल्यासारखी. कण्हेरीच्या पानाचा काप घेतला तर पाठीला खोल खड्डे दिसतात आणि खड्ड्यांत केस.

दवाखान्यातल्या जुड्या पाहिल्या. सगळी शेरणी. नानांच्या घरच्या दोन जुड्या पाहिल्या. शेरणी. मग चोथा. उकळलेली जुडी अजून तशीच होती, भिजून फुगलेली. बंदाची गाठ सुटेना, म्हणून कात्रीने कापून बशीत टाकली आणि पानं एकेक करून पसरली. उकळल्यावर पान मऊ होतं, पण खवले जात नाहीत. एक पान, दुसरं पान, मग सगळी. मुळीचे तुकडेही पाहिले.

एकही खड्डा नाही. एकही केस नाही. चोथ्यातलं पान न् पान शेरणीचं होतं.

उरलेल्या काढ्याचा थेंब मी जिभेच्या टोकाला लावला आणि लगेच चूळ भरली. शेरणीचा काढा तुरट असतो. हा कडू होता, जीभ बधिर करणारा.

म्हणजे पाला शुद्ध आणि काढा विषारी. पाल्यातून आलं नाही, तर विष पातेल्यात कोणीतरी घातलं. आणि पातेल्याजवळ एकच माणूस होतं.

मैत्रिणीला हवं होतं त्याच्या नेमकं उलट माझ्या हाती आलं होतं. मी फोन उचलला आणि परत ठेवला. त्या मुलीला मी अजून पाहिलंही नव्हतं.

४

घड्याळनानांच्या घरात भिंतभर घड्याळं होती. लोकांनी दुरुस्तीला देऊन परत न नेलेली. सगळी चालू.

"रोज चावी कोण देतं?" मी विचारलं.

"मीच," सून म्हणाली. "नानांनी शिकवलं. म्हणाले, बंद घड्याळ घरात ठेवू नये, त्याला वाईट वाटतं."

नणंद खिडकीशी उभी होती. ती नानांचे कपडे न्यायला आली होती. पेटी भरून दाराशी ठेवली होती.

"नाना नाना करून गोड बोलायचं," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "हे बघा. या खिडकीतून हात काढला की कण्हेरीची फांदी हातात येते. आणखी काय पुरावा हवा?"

मी पाहिलं. खरंच, खालच्या आवारातली कण्हेर खिडकीपर्यंत वाढली होती.

"ताई, ती सगळ्या खिडक्यांतून हाताला येते," सून शांतपणे म्हणाली आणि चहाचे कप घेऊन आली. नणंदेने आपला कप बाजूला सारला.

"मला नको. तुझ्या हातचं तर नकोच."

सुनेने तो कप उचलून परत नेला. कपाची बशी जरा वाजली. मी माझा चहा प्यायले. चहा चांगला होता.

"त्या सकाळी काय काय केलंस, ते सांगशील?"

"रोजचंच. जुडी धुतली, पाण्यात टाकली, पाणी आटून पेलाभर होईपर्यंत उकळली. काढा गाळला आणि चमचाभर चाखला."

"चाखला?" नणंद आणि मी एकदमच म्हणालो.

"रोज चाखते. नाना गरम पितात, जीभ पोळते त्यांची. त्या दिवशी कडू लागला. नाना म्हणाले, 'अगं, औषध कडू नसेल तर ते सरबत.' तरी मला बरं वाटेना. म्हटलं, अर्धा घ्या, उरलेला वैद्यबाईंना दाखवू."

"हे आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"कोणी विचारलंच नाही. सगळे एकच विचारत होते, का घातलंस."

"तुला काही झालं नाही?"

"मळमळत होतं दिवसभर. पण नानांचं तसं चाललेलं, माझ्या मळमळीचं कोणाला काय सांगू?"

नणंद खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "गोष्ट छान रचलीस." पण आवाजात मघासारखी धार नव्हती. "जुड्या मी स्वतः आणल्यात. स्वतःच्या हाताने. घरी येईपर्यंत त्यांत काही नव्हतं."

जाणूनबुजून विष घालणारं माणूस ते चाखत नाही. उरलेलं जपून डॉक्टरांपुढेही ठेवत नाही. हे मला पटलं होतं. पण पटणं म्हणजे पुरावा नाही. चोथ्यात कण्हेर नव्हती, काढ्यात होती, आणि मधे फक्त ही मुलगी होती. एक धागा मात्र मी अजून पाहिला नव्हता. जुडी मुळात जिथून सुरू होते ती जागा.

५

नदी शहराच्या टोकाला खडकांतून वाहते. पालेवाली मावशी गुडघाभर पाण्यात होती. वर्षानुवर्षं तीच वैद्यबाईला शेरणी आणून देते.

"चपला घालून उतरता व्हय पाण्यात?" ती ओरडली. "काढा, नाहीतर तुम्हालाच जुडीत बांधून न्यावं लागेल!"

मी चपला हातात घेतल्या आणि तिच्यापाशी गेले. शेरणी मी कितीदा भिंगाखाली पाहिली होती, पण तिच्या घरी जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. दुसरं झाड जिथे तग धरणार नाही, तिथे ती उभी राहते. ऐन धारेत, दोन खडकांच्या फटीत. मुळं दगडाला अशी आवळलेली की दगड फुटावा. फांद्या मात्र चिवट आणि लवचीक. पाणी ढकलेल तिकडे लवतात, पाणी ओसरलं की उभ्या राहतात. पुरात महिनाभर बुडून राहिली तरी ती वर येताना हिरवीच येते. अशा झाडापुढे उभं राहिलं की त्याचे आभार मानावेसे वाटतात. कशाबद्दल, ते नीट सांगता येत नाही.

"मावशी, इथे जवळपास कण्हेर आहे का?"

"इथं? इथल्या धारेत कण्हेर काय करणार? ती रस्त्याकडंची. आणि मला कळत नाही व्हय? शेरणीचं पान उलटं केलं की पांढुरकं चमकतं. तुमच्या बाईंनीच शिकवलंय, तीस-एक वर्षं झाली." तिचे हात बोलता बोलताही थांबत नव्हते. एका झुडपाचं एकच मूळ काढायचं, बाकी दगडाला राहू द्यायचं. चार काड्या, दोन तुकडे, सालीची पट्टी. "कोणी आजारी पडलं म्हणतात ते खरं?"

"खरं आहे. पण तुझा पाला स्वच्छ होता."

"मग झालं." तिने सुस्कारा सोडला आणि जुडी माझ्या हातात दिली. "ही घ्या ताजी. बाईंना सांगा, ओझं नेहमीसारखं मागच्या पायरीपाशी टाकते उद्या."

मी जुडी फिरवून पाहिली. बंद व्यवस्थित होता, पण त्याला गाठ नव्हती. सालीला पीळ दिला होता आणि टोक आत खोचलं होतं.

"गाठ नाही मारत?"

"गाठ कशाला? साल सुकली की पीळ आपोआप आवळतो. कधी फार सुकली तर तुटते, पण गाठीनं ती लवकर तुटते. माझ्या जुडीला गाठ तुम्हाला शोधून सापडायची नाही."

मी पाण्यात तशीच उभी राहिले. चोथ्यातल्या जुडीचा बंद मी पीळ उलगडून काढला नव्हता. गाठ सुटेना, म्हणून कात्रीने कापला होता.

६

बशी टेबलावर तशीच होती. दिवसभर मी पान तपासलं होतं, कारण सगळे पानाबद्दल बोलत होते. बंद मी पाकिटावरच्या दोऱ्यासारखा कापून बाजूला टाकला होता.

आता तो चिमट्याने उचलला. सालीची पट्टी, दोन वळसे, एक फास. आणि वर, वाळून आकसलेला, बोट अडकवायला छोटासा कान.

मान वर केली. खुंटीला माझी पिशवी टांगली होती. तिच्या बंदालाही तसाच कान होता.

सालीचा पातळ काप घेतला. शेजारी मावशीच्या ताज्या जुडीच्या सालीचा आणि त्याच्या शेजारी रस्त्यावरून तोडून आणलेल्या कण्हेरीच्या सालीचा. तिन्हींकडे आळीपाळीने पुष्कळ वेळ पाहिलं. शंकेला जागा नव्हती. जुडीत सगळी शेरणी होती आणि जुडीभोवती कण्हेर.

तशीच निघाले आणि दवाखान्याच्या मागच्या पायरीपाशी थांबले. तो सुकलेल्या फांद्यांचा ढीग अजून होता. एक फांदी उचलली. पानं तीन-तीन एका ठिकाणाहून निघालेली. शेजारच्या माळ्याने कुंपणाची कण्हेर छाटून तिथे टाकली होती. मावशी शेरणीचं ओझं टाकते नेमकं तिथेच.

मास्तर बरण्या पुसत होते.

"मास्तर, नानांच्या लेकीला जुड्या देताना एखादीचा बंद तुटला होता का?"

"तुटला होता की!" त्यांचा चेहरा खुलला. कोणीतरी आपल्या कामाची दखल घेतली, असं त्यांना वाटलं असावं. "एकीचा बंद फळीवरून काढतानाच तुटला. सुटी जुडी कशी द्यायची? सुतळी हातात घेतली होती मी. पण परक्या दोरीचा नियम आठवला. म्हणून मागे गेलो. शेरणीच्या ओल्या फांद्या पडलेल्याच होत्या, एकीची साल सोलली आणि बांधून दिली. झाडाचीच साल. बाईंना कळलंसुद्धा नाही."

वैद्यबाई आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी होती. ती माझ्या हातातली फांदी बघत होती. तिला मी काही सांगायची गरज पडली नाही.

मास्तरांना मात्र सांगावं लागलं. मी त्यांना बाकावर बसवलं, एका हातात शेरणीचं पान दिलं, दुसऱ्या हातात कण्हेरीचं, आणि दोन्ही उलटी करून दाखवली. एक चमकत होतं, एक नाही. त्यांनी ती पुन्हा पुन्हा उलटसुलट केली. जणू एखाद्या वेळेला तरी दोन्ही सारखी निघतील.

"म्हणजे मी..." ते म्हणाले.

"मास्तर," वैद्यबाई त्यांच्याशेजारी बसली. "चूक माझी. परकी दोरी नको, एवढंच सांगत राहिले. आपली कोणती, ते तुम्हाला कधी दाखवलंच नाही. नदीवर न्यायला हवं होतं तुम्हाला."

"ज्या हातांना तुम्ही जीव दिलात..." ते थांबले. मग पानं खिशात ठेवून उभे राहिले. "उद्या दुपारी सोडणार ना त्यांना? त्या मुलीबद्दल तोवर कोणी काही बोलायला नको. मी सांगतो. माझ्या तोंडाने."

७

रुग्णालयाच्या खोलीत नाना उशीला टेकून बसले होते. सून त्यांच्या मनगटावर घड्याळ बांधत होती आणि नणंद पेटीजवळ उभी होती. नानांनी आम्हा तिघांना पाहून हात हलवला.

"या या. वैद्यबाई, खडा राहिला बाजूला, मीच निसटत होतो."

मास्तर पुढे झाले. त्यांनी सगळं सांगितलं. बंद तुटल्यापासून पायरीपर्यंत, पायरीपासून गाठीपर्यंत. स्वतःची बाजू घेणारा एक शब्द त्यांनी वापरला नाही. शेवटी खिशातली दोन पानं काढून नानांच्या चादरीवर ठेवली.

मी माझी बशी दाखवली. त्यातली गाठ, तिचा कान आणि तीन सालींबद्दल जे पाहिलं ते सांगितलं. सुनेने उकळलं त्यात स्वतःहून काहीच घातलं नव्हतं. विष जुडीबरोबर घरात आलं होतं.

नणंदेने बशी हातात घेऊन ती गाठ पाहिली.

"मी बघत होते," नणंद एकदम म्हणाली. "त्यांनी बांधली तेव्हा मी समोर उभी होते. किती छान बांधली म्हणून गाठीच्या कानात बोट अडकवून घरी आणली. मीच आणली, नाना. आणि हिला..."

सुनेने चहाच्या थर्मासचं झाकण उघडून त्यात चहा ओतला आणि नणंदेपुढे धरला. नणंदेने दोन्ही हातांनी तो घेतला आणि उभ्या उभ्याच प्यायला.

"वहिनी," ती म्हणाली, "तू चाखलास म्हणून..."

"ताई, गार होईल. प्या आधी."

नानांनी चादरीवरची पानं उचलली, घड्याळाचं चाक बघावं तशी डोळ्याजवळ नेली.

"मास्तर," ते म्हणाले, "पंचावन्न वर्षं घड्याळं उघडली मी. बंद पडलेलं घड्याळ एका दोषाने कधी बंद पडत नाही. थोडी धूळ, थोडं सुकलेलं तेल, एखादा दात झिजलेला. मालक मात्र विचारतो, कोणी मोडलं?" त्यांनी पानं खाली ठेवली. "तुम्ही मला सुटी जुडी दिली नाहीत. नियम मोडला नाहीत. बाईंनी नियम केला तो रोग्याच्या भल्याचा. लेकीने जपून आणली. सुनेने काढा चाखला आणि अर्ध्यावर हात आखडला. सगळ्यांनी माझं भलंच चिंतलं. एवढं भलं एका वेळी अंगावर आलं, की माणूस जरा आजारी पडायचाच."

मास्तर तोंड फिरवून उभे राहिले. वैद्यबाईने डोळे पुसले आणि ती नानांवर खेकसली, "बोलू नका जास्त. नाडी अजून माझ्या मनासारखी नाही."

"तुमच्या मनासारखी ती कधी होती?"

परिचारिका कागद घेऊन आली. निघायची वेळ झाली. नणंदेने पेटी उचलली आणि क्षणभर थांबून ती वहिनीच्या हातात दिली. नाना कोणाच्या घरी जाणार, हे कोणी विचारलं नाही.

औषधांची कापडी पिशवी तेवढी राहिली होती. तिचे बंद सुटलेले, गोळ्यांची पाकिटं बाहेर डोकावत होती. नानांनी ती उचलून मास्तरांपुढे धरली.

"हे जरा बांधून द्या. पार्सल सुटं नेऊ नये म्हणतात."

मास्तरांचे हात बाजूलाच राहिले. "नको, नाना. मी आता काही बांधायचं नाही, असं ठरवलंय."

"तुम्ही ठरवलं असेल. माझ्या गोळ्या सांडतायत."

मग मास्तरांनी खिशात हात घातला. सुतळी निघाली. ती त्यांनी आधी वैद्यबाईला दाखवली. वैद्यबाईने मान हलवली. त्यांनी ती मलाही दाखवली, आणि मी उजेडात धरून नीट पाहिली, अगदी प्रयोगशाळेत पाहावी तशी.

"सुतळीच आहे," मी म्हणाले.

मास्तरांनी दोन वळसे घेतले. फास बरोबर पडला. शेवटी, सवयीने, वर एक छोटासा कान ठेवला.

सुनेने त्यात बोट अडकवलं, पिशवी उचलली आणि दुसऱ्या हाताने नानांना धरलं.

"चला," ती म्हणाली, "घड्याळांना चावी द्यायची राहिलीय."